शिवाजीनगर कोर्टात जुनं विल शोधणं आणि प्रोबेट टाकणं : ५ पैकी साडेतीन स्टार

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण अर्धे लोक तिथेच गोंधळतात. पुण्यातल्या फ्लॅटसाठी किंवा जमिनीसाठी प्रोबेट, म्हणजे विल (मृत्युपत्र) खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, सक्तीचं नाहीये. मुंबईचा नियम वर्षानुवर्षं वेगळा होता, त्यामुळे मुंबईचा कोणीतरी आतेभाऊ फोनवर ठासून सांगतो की प्रोबेटशिवाय पानसुद्धा हलत नाही आणि इकडे सगळं घर कामाला लागतं. माझे काका विल करून गेले, तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. त्यात एका बँकेतल्या साहेबांनी काकू नॉमिनी असूनही एफडीसाठी 'प्रोबेट आणा' म्हणून परत पाठवलं, जे मागायचं काही कारणच नव्हतं, नॉमिनीला पैसे मिळतात, नंतर ते वारसांमध्ये कसे जायचे तो वेगळा विषय.

मग तरी आम्ही प्रोबेट का केलं? कारण परदेशातला एक पुतण्या म्हणायला लागला की काकांची सहीच खोटी आहे. आणि प्रोबेटचा खरा उपयोग हाच आहे, एकदा कोर्टाने दिलं की हे विल खरं आणि शेवटचं यावर शिक्का बसतो. एवढंच. फ्लॅटवर काकांची मालकी होती का, सोसायटीत शेअर कोणाच्या नावावर, हे प्रोबेट कोर्ट बघतच नाही. काकूला हे पटवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला, ती आपली 'अगं पण फ्लॅट माझा झाला ना मग' करत होती.

आता शोधाशोध. घरात विलची झेरॉक्स होती, मूळ प्रत कुठे आहे माहीत नाही. विल रजिस्टर करणं ऐच्छिक असतं पण काकांनी केलं होतं, म्हणजे नोंद असणार. गंमत अशी की खरेदीखत जिथली मिळकत तिथल्या ऑफिसात नोंदवावं लागतं, विलचं तसं नाही, ते कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. म्हणजे कोथरूडचा माणूस कॅम्पात नाहीतर थेट साताऱ्यात जाऊन नोंदवू शकतो! आणि पुण्यात हवेली एक, हवेली दोन करत किती ऑफिसं आहेत बघा. त्यामुळे झेरॉक्सच्या मागच्या पानावरचा शिक्का नीट वाचा, त्यावर 'हवल' (म्हणजे हवेली) आणि ऑफिसचा आकडा, दस्त क्रमांक आणि साल असतं, आमची झेरॉक्स पुसट होती तर मोबाइलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा कुठे आकडा दिसला.

ऑनलाइन सर्च करत बसू नका, तिथे खरेदीविक्रीचे दस्त शोधायची सोय आहे, विलची नोंद वेगळ्या पुस्तकात असते, पुस्तक क्रमांक ३. माणूस हयात असेपर्यंत त्यातली नक्कल फक्त त्याला स्वतःला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, गेल्यानंतर मात्र कोणीही अर्ज करू शकतं. मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. खिडकीवरच्या मॅडमनी शांतपणे रजिस्टर काढून दिलं, कुठेही 'उद्या या' नाही. काही लोक विल लिफाफ्यात सीलबंद करून जिल्हा निबंधकांकडे ठेवतात, तीही सोय कायद्यात आहे, तेव्हा नोंद सापडली नाही तर तिथेही विचारा. मूळ प्रत शेवटी देवघराखालच्या कप्प्यात सापडली, पंचांगांच्या गठ्ठ्यात.

मूळ प्रत हातात असेल तर अर्ज सोपा जातो, हरवली असेल तर नकलेवरही प्रोबेट मागता येतं पण मग ती का हरवली हे कोर्टाला पटवावं लागतं.

आता शिवाजीनगर. गाडी नेऊ नका, खरंच नेऊ नका. मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्टेशन अगदी दारात आहे, दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात त्यामुळे वनाजकडून या नाहीतर स्वारगेटकडून, उतरलं की कोर्ट. भुयारी स्टेशन खूप खोल आहे, ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर सरळ लिफ्ट शोधा. गेटबाहेर टायपिस्ट, झेरॉक्सवाले, नोटरी सगळं एका रांगेत. आणि एजंटही. एकाने आम्हाला प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर गळ्यात मारायचा जोरदार प्रयत्न केला, पण कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. हे सांगितल्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अर्ज १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली जातो, आमचा सीनियर डिव्हिजनच्या दिवाणी न्यायाधीशांकडे लागला. मृत्यूची तारीख, मिळकतीची यादी किमतीसकट, सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते, आणि विलवर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एकाचं व्हेरिफिकेशन, म्हणजे सही आपल्यासमोर झाली असं त्याने अर्जावर लिहून देणं. या शेवटच्या गोष्टीत लोक अडकतात. आमचे एक साक्षीदार वारले होते, दुसरे काकांचे जुने शेजारी, आता ऐंशीच्या पुढे. एक हजर असला तरी भागतं. त्यांना कोर्टात विचारलं काय, तर काकांनी तुमच्यासमोर सही केली का आणि तुम्ही त्यांच्यासमोर केली का. आजोबांनी त्या दिवशी काकांनी कुठला शर्ट घातला होता तेही सांगायला सुरुवात केली, वकिलांनी हाताने थांबवलं. माझं मत विचाराल तर विल करताना साक्षीदार आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बघावेत, एवढं केलं तरी पुढच्यांचे निम्मे हाल वाचतील.

नंतर वारसांना नोटिसा, पेपरात जाहीर नोटीस, आणि तारखा. कोणी हरकत घेतली तर साधा अर्ज राहत नाही, त्याचा दावा होतो आणि मग वर्षांचा हिशोब. आमच्या पुतण्याने तोंडी आरडाओरडा बराच केला पण लेखी काही टाकलं नाही, बाकीच्यांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली, म्हणून सुटलो. दीड स्टार याच वेळखाऊ रचनेमुळे कापलाय, माणसांमुळे नाही. पुढची तारीख ईकोर्ट्स ॲपवर दिसते, त्यासाठी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, लिहून ठेवा, सोळा अंकी-अक्षरी असतो. नावाने शोधाल तर स्पेलिंगचा घोळ, 'वैद्य' हे आडनाव इंग्रजीत लोक किती तऱ्हांनी लिहितात ते मला इथे कळलं.

खर्चाचं सांगते. प्रोबेटची कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर टक्क्यांत असते पण कमाल मर्यादा ७५ हजार आहे, आणि पुण्यातला फ्लॅट म्हटला की मर्यादेला जाऊन टेकतोच. वकिलाची फी वेगळी. काकूसारख्या बाईमाणसांनी एक लक्षात ठेवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. हे कोर्टाच्या आवारातच आहे आणि तिथे जाऊन नुसती चौकशी करायलाही काही पैसे पडत नाहीत.

विल नसेलच तर प्रोबेटच्या वाटेला जाऊच नका, तो प्रश्नच येत नाही. बँकेतले पैसे, शेअर्स यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट, आणि वारस कोण हे ठरवून हवं असेल तर वारस दाखला, जो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, पेशवाई जाऊन दहा वर्षं नाही झाली तोवर केलेला कायदा पुण्यात अजून रोज वापरात आहे, मला तर भारीच वाटलं.

आजोबा-पणजोबांच्या काळातलं प्रोबेट हवं असेल तर ॲपवर मिळायची आशा ठेवू नका. रेकॉर्ड रूममधून काढावं लागतं, अर्ज नम्बर आणि साल असेल तर नकलेचा अर्ज सरळ जातो, नसेल तर निदान साल आणि पक्षकाराचं पूर्ण नाव तरी न्या. जुन्या सातबाऱ्याच्या फेरफारात कधी कधी कोर्टाच्या हुकमाचा नंबर लिहिलेला असतो, माझ्या मैत्रिणीला तिच्या पणजोबांचा तिथूनच मिळाला.

प्रोबेट हातात आल्यावर फाइल बंद करून माळ्यावर टाकू नका, एक्झिक्युटरने (विलच्या अंमलबजावणीसाठी विलमध्येच नेमलेल्या माणसाने) सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशोब कोर्टात द्यायचा असतो. आणि सर्टिफाइड नकला सुरुवातीलाच दोन-चार जास्त मागून घ्या, सोसायटी, बँक, महापालिकेचा कर विभाग सगळ्यांना एकदमच लागतात.