एक पावसाळा काढलेला गेमिंग मॉनिटर: १८० हर्ट्झ, ॲडॅप्टिव्ह सिंक आणि देवगडची खारी हवा

आंब्याचा हंगाम आटोपून हातात पैसे आले, तेव्हा २२ इंची ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारा) जुना मॉनिटर बाजूला ठेवला आणि २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झचा, आयपीएस पॅनेल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) आणि ॲडॅप्टिव्ह सिंक (ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारी सोय) असलेला नवीन घेतला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळीही गेली. एवढ्या वापरानंतर लिहिलेल्याला काही अर्थ असतो, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच आकड्यांचे मॉनिटर सध्या बऱ्याच कंपन्या विकतात आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं. ग्राफिक्स कार्ड (पीसीत गेमची चित्रं तयार करणारा भाग) माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीचं. ते बदललेलं नाही.

मुद्द्याचं आधी सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला १८० हा आकडा दुय्यम आहे. पैसे वसूल झाले ते ॲडॅप्टिव्ह सिंकमुळे. मधल्या ताकदीचं कार्ड असलेल्या माणसाला तर मी हेच पुन्हा पुन्हा सांगेन.

साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.६७ मिलिसेकंदाला पडदा नव्याने रंगवतो. कार्डाची पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, तयार आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एसटी जशी वेळ झाली की सुटते, माणसं भरलेली असोत वा नसोत, तसंच. मग फ्रेम अर्धवट आली की पडद्याचा वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो, मध्ये आडवी फट. हेच टेअरिंग. ते टाळायला व्ही-सिंक (कार्डाला मॉनिटरच्या ठेक्यावर चालवणारी सेटिंग) लावावं तर कार्ड मॉनिटरसाठी थांबतं, माऊस जड वाटायला लागतो, आणि फ्रेमरेट (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम) ६०च्या जरा खाली घसरला की बऱ्याच गेममध्ये तो थेट ३०वर आपटतो. ॲडॅप्टिव्ह सिंकमध्ये हे उलटं होतं: कार्डाची फ्रेम तयार झाली की त्या क्षणी मॉनिटर पडदा रंगवतो. ७३ फ्रेम आल्या तर मॉनिटर ७३ हर्ट्झवर, ९१ आल्या तर ९१वर.

खोक्यावरच्या शिक्क्यांवरून अजून लोकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडा इतिहास. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३मध्ये याच कामाचं जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरच्या आत वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत चांगलीच चढायची. तिची प्रतिस्पर्धी एएमडीने २०१४मध्ये फ्रीसिंक जाहीर केलं आणि त्याच वर्षी व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ॲडॅप्टिव्ह सिंक हे डिस्प्लेपोर्ट १.२ए या मॉनिटर-जोडणीच्या मानकात घातलं, त्यासाठी कसलंही मॉड्यूल नको. जानेवारी २०१९पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि पुढची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे खोक्यावर फक्त फ्रीसिंक लिहिलंय आणि आपलं कार्ड एनव्हिडियाचं आहे, म्हणून मॉनिटर सोडून देऊ नका. माझा तसाच आहे आणि पहिल्या दिवसापासून नीट चालतोय. केबल मात्र डिस्प्लेपोर्टचीच लावा.

आता प्रत्यक्षात काय फरक पडला ते. जुन्या मॉनिटरच्या १०८०पीला सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात, १४४०पीला ३६ लाख ८६ हजार. म्हणजे त्याच कार्डावर पावणेदोन पट ओझं पडलं. फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मोठ्या सेटिंगवर ८० ते १०० फ्रेमच्या दरम्यान हेलकावे खातो, सायबरपंक २०७७ त्याहून खाली, ५० ते ७०. जुन्या मॉनिटरवर असा हलता फ्रेमरेट म्हणजे डोळ्यांना शिक्षा होती. इथे तो हलतो हे मला कोपऱ्यातला आकडा बघूनच कळतं.

गणपतीत डोंबिवलीचा मावसभाऊ आला होता. त्याच्याबरोबर मी हे नीट पडताळून पाहिलं. तीच शर्यत, तीच गाडी, तेच वळण. आधी १८० हर्ट्झ सिंकसकट, मग १२० हर्ट्झ सिंकसकट, मग १८० पण सिंक बंद. कुठलं काय आहे ते त्याला सांगितलं नव्हतं. पहिल्या दोघांत त्याला काडीचा फरक जाणवला नाही. जाणवणार तरी कसा, कार्डच ८०-९०च्या आसपास होतं, मॉनिटर दोन्ही वेळेला तेवढ्याच वेगाने चालत होता. तिसऱ्या वेळी मात्र पहिल्याच वळणावर त्याने कंट्रोलर खाली ठेवला. "दादा, हे काय झालं? ते झाड मध्येच कापल्यासारखं दिसतंय. मघाचंच लाव." माझ्या मते सगळा प्रश्न इथेच निकालात निघतो.

याचा अर्थ हर्ट्झला किंमत नाही असा नव्हे. व्हॅलोरंटसारखा हलका गेम या कार्डावर १८०च्या वर सहज जातो आणि तिथे फरक डोळ्यांना आणि मनगटाला दोन्हीकडे कळतो. टेस्टयूएफओ या पडद्याची चाचणी करायच्या वेबसाइटवर जाऊन बघा: सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी तबकडी ६० हर्ट्झवर दर फ्रेमला १६ पिक्सेल उडी मारते, १८०वर पाचच्या थोडं वर. तेवढी कड स्पष्ट होते. पण हिशेब बघा. ६०वरून १२०वर गेलात की दर फ्रेममागे ८.३३ मिलिसेकंद वाचतात, १२०वरून १८०वर गेलात की २.७८. मोठी उडी पहिल्या टप्प्यातच आहे. २४० किंवा ३६०साठी जास्तीचे हजारो रुपये मोजण्यापेक्षा ते कार्डात घाला. आणि एल्डन रिंगसारखे गेम ६०वरच बांधलेले असतात, तिथे १८०चा काहीच उपयोग नाही.

सिनेमावाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. बहुतेक चित्रपट २४ फ्रेमचे असतात. १८०ला २४ने भागलं की साडेसात येतात, म्हणजे एक फ्रेम सात वेळा तर दुसरी आठ वेळा दिसते. १४४ला भागलं की बरोबर सहा. मी रात्री पिक्चर बघताना १४४ लावतो आणि कॅमेरा सावकाश फिरतो त्या दृश्यांत मला ते जाणवतं. घरात बाकी कुणालाही जाणवत नाही. आईचा प्रश्न वेगळाच होता, "ह्यो टीव्ही कितक्याक घेतलंस रे?"

आता खटकणाऱ्या गोष्टी. ओव्हरड्राइव्हच्या (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणाऱ्या सेटिंगच्या) मेनूत तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची लावली की हलत्या गाडीमागे फिकट पांढरट शेपूट दिसतं, आणि फ्रेमरेट ६०-७०वर उतरला की ते आणखी ठळक होतं. या सेटिंगची जुळणी वरच्या हर्ट्झसाठी केलेली असते आणि स्वस्त मॉनिटर ती फ्रेमरेटप्रमाणे बदलत नाहीत. मधली पायरी लावून विसरून जा. दुसरं म्हणजे लोडिंगच्या पडद्यावर फ्रेमरेट एकदम वरखाली होतो तेव्हा उजेड किंचित लुकलुकतो. खेळताना नाही, फक्त तिथे. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवर हे लुकलुकणं बरंच जास्त असतं. कणकवलीला एका मित्राकडे पाहिलं आणि त्यामुळेच मी आयपीएसवर ठाम राहिलो, काळा रंग व्हीएचा चांगला असूनही. अंधाऱ्या खोलीत माझ्या पडद्याचे खालचे दोन कोपरे पिवळसर चमकतात, ते आयपीएसचं दुखणं आहे, सोसावं लागतं. डिस्प्लेएचडीआर ४०० या शिक्क्यावर भुलू नका (एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त खरे दाखवायची सोय). ४०० निट (उजेडाचं माप) उजेड आणि लोकल डिमिंगची (पडद्याचा भाग-भाग वेगळा मंद करण्याची) सक्ती नाही, एवढ्यावर एचडीआरची मजा येत नाही. मी ते बंदच ठेवलंय.

विकत घेताना कमाल हर्ट्झपेक्षा सिंकची रेंज बघा. माझी ४८ ते १८० आहे. खालचा आकडा वरच्याच्या निम्म्याहून कमी असला की फ्रेमरेट ४८च्या खाली गेल्यावर एकच फ्रेम दोनदा दाखवली जाते: ४० फ्रेमना मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो आणि सिंक तुटत नाही. ४८ ते ७५ अशा रेंजचे स्वस्त मॉनिटर इथेच मार खातात.

आणल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १८० निवडावं लागतं, नाहीतर तो ६०वरच चालत राहतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करावं लागतं, माझ्याकडे ते मुळात बंद होतं. मग पीसीवर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक (तिथे ॲडॅप्टिव्ह सिंकला हेच नाव आहे) चालू, व्ही-सिंकही तिथूनच चालू, गेममधलं व्ही-सिंक बंद, आणि फ्रेमरेट १७५च्या आसपास बांधलेला. १८०च्या वर गेलं की सिंकच्या हातात काही राहत नाही, म्हणून थोडं खालीच थांबायचं.

आता आपल्याकडचं. हे परदेशी रिव्ह्यूंमध्ये कुठेच मिळत नाही आणि मला याचीच जास्त काळजी होती.

मॉनिटरच्या ॲडॉप्टरला १०० ते २४० व्होल्ट चालतात, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १८०वर आलं तरी त्याला काही होत नाही. भीती जास्त व्होल्टेजची. पावसात फांदी पडून लाइनचं न्यूट्रल तुटलं की घरात २३०च्या जागी ४००च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. आमच्या वाडीत अशाने एका रात्रीत टीव्ही आणि फ्रिज गेलेले आहेत. साधा स्पाइक बोर्ड यात काहीही वाचवत नाही. डीबीमध्ये (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडतो आणि परत आल्यावर थोडं थांबून जोडतो. मॉनिटरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

अर्थिंगकडे तर कृपा करून लक्ष द्या. आमचं घर सड्यावर (कातळाच्या पठारावर), खाली सगळा जांभा. कातळात अर्थिंग धड लागत नाही. पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि अशा अवस्थेत केबल काढघाल केली की पोर्ट उडू शकतो. परसात माती असलेल्या जागी नवीन खड्डा काढून कोळसा-मीठ भरून घेतलं, तेव्हा झिणझिण्या थांबल्या. एप्रिल-मे महिन्यात तिथे आठवणीने पाणी ओततो. वीज कडाडायला लागली की प्लग काढतो, आणि प्लगबरोबर नेटची केबलसुद्धा. ती लोक विसरतात.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळायचं असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर बदलाच्या क्षणी पीसी रीस्टार्ट होतो. मॉनिटर स्वतः फार वीज खात नाही. खातं ते कार्ड, माझ्या ३०६०ची कमाल मर्यादाच १७० वॅट आहे. म्हणून इन्व्हर्टरवर मी फ्रेमरेट ६०वर बांधतो. कार्डावरचं ओझं लगेच उतरतं, आणि सिंक असल्यामुळे ते ६०सुद्धा जुन्या मॉनिटरच्या ६०पेक्षा कितीतरी मऊ वाटतात.

खाऱ्या वाऱ्याने पडद्यावर बारीक चिकट थर बसतो, त्यात चिऱ्याची लाल धूळ मिसळते. हा थर कोरड्या फडक्याने पुसला की मॅट कोटिंगवर ओरखडे पडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर मायक्रोफायबरवर थोडंसं घेऊन आधी नुसतं टिपायचं, मग हलकेच पुसायचं. काच पुसायचे स्प्रे अजिबात नकोत. न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोपणं लावलीत. पावसाळ्यात मॉनिटर रोज थोडा वेळ तरी चालू ठेवतो, आत ऊब राहिली की ओल धरत नाही.

आणि किडे. जूनमध्ये एका रात्री पेट्यांचा हिशेब लिहीत बसलो होतो, पडदा पांढरा. उजव्या कडेकडून केसाच्या तुकड्याएवढी काळी रेघ सरकत यायला लागली. बोट लावलं तर बोटाखाली गुळगुळीत पडदा, आणि ती रेघ माझ्या नखामागून पुढे निघालेली. किडा आत होता, पॅनेल आणि बॅकलाइटच्या थरांमध्ये. अशा वेळी दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. आत मेला तर तो काळा ठिपका कायमचा. मॉनिटर बंद केला, कडेला टेबललॅम्प लावून ठेवला, सकाळी पडदा स्वच्छ. पहिल्या पावसाच्या दिवसांत तेव्हापासून खिडकीला बारीक जाळी आणि खोलीत दुसरा एक दिवा चालू ठेवतो, म्हणजे सगळे किडे पडद्याकडे येत नाहीत.

शेवटचं वॉरंटीबद्दल. माझ्या मॉनिटरला ती तीन वर्षांची आहे, पण सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. घाट चढून मॉनिटर न्यायचा तर मूळ खोकं आणि थर्माकोल लागणारच. खोकं टाकू नका, आणि जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. मी प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ते पत्र्याच्या कपाटावर ठेवलंय, बिलाची झेरॉक्स आतच.