उन्हाळ्याची इंटर्नशिप: मोठी ऑडिट फर्म की ठाण्यातलं सीएचं ऑफिस?

सेकंड इयरची परीक्षा संपली की बीकॉम, बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सची डिग्री) करणाऱ्या आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पोरापोरींपुढे हा प्रश्न येतोच, मे-जून बिग फोर (जगातल्या चार सगळ्यात मोठ्या ऑडिट फर्म) किंवा तसल्या मोठ्या फर्ममध्ये काढायचा की घराजवळच्या सीएकडे. मी दोन्ही केलंय, फर्स्ट इयरनंतर नौपाड्यात एका सीए सरांकडे आणि पुढच्या सुट्टीत एका मोठ्या फर्मच्या ऑडिट टीममध्ये. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याने अजून टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) धड एन्ट्री केलेली नाही त्याने आधी छोटं ऑफिस घ्यावं. ज्याचा पाया आहे पण ऑडिटमध्ये रमेन की नाही तेच कळत नाहीये त्याने मोठ्या फर्मसाठी जोर लावावा.

एक गैरसमज आधी काढून टाका, यातलं काहीही आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठीच्या सक्तीच्या ट्रेनिंगमध्ये, मोजलं जात नाही. आयसीएआयच्या (सीएंची संस्था) २०२३ च्या नव्या स्कीममध्ये इंटरचे (सीएची मधली परीक्षा) दोन्ही ग्रुप पास झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप आहे, ती वेगळी रजिस्टर करावी लागते. मे-जूनचे हे दिवस फक्त बघण्या-शिकण्यासाठी आहेत.

आता काम. इथे सगळ्यात मोठा फरक आहे आणि तो कॅलेंडरमुळे आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना वर्षाचे ऑडिट केलेले रिझल्ट ३१ मार्चपासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत द्यावे लागतात, त्यामुळे मे महिन्यात मोठ्या फर्मची टीम पूर्ण ताणाखाली असते, सिनियरला तुमच्याशी पाच मिनिटं बोलायलाही वेळ नसतो, आणि तुम्हाला एक एक्सेल शीट देऊन सांगतात की ही सॅम्पल्स तपास. मी ज्या टीममध्ये होते तिथे सुरुवातीचे बरेच दिवस लॅपटॉपचे अ‍ॅक्सेसच आले नव्हते, नुसतं बसून होते, आणि ते मला खरंच लागलं कारण तेवढाच वेळ हातात होता. जूनमध्ये चित्र बदललं. तोच सिनियर शेजारी बसवून शिकवायला लागला. म्हणून जॉइनिंगची तारीख निवडता येत असेल तर मेचा शेवटचा आठवडा मागा.

छोट्या ऑफिसात उलटं असतं. मे-जून म्हणजे तिथे कामाची नुसती रांग. ३१ मेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) रिटर्न, १५ जूनपर्यंत फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट), मग ३१ जुलैच्या इन्कम टॅक्स रिटर्नची गर्दी सुरू, आणि दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) नि २० तारखेला ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) आहेच. हात कमी असतात म्हणून नवीन पोरीलाही काम मिळतं, खरं काम. १४ तारखेला २बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं स्टेटमेंट) आलं की ते क्लायंटच्या परचेस रजिस्टरशी जुळवायचं, जे बिल २बीत दिसत नाही त्या सप्लायरला फोन लावायचा की बाबा तुझं रिटर्न भर, नाहीतर आमच्या माणसाचं क्रेडिट अडकतंय. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) पुस्तकात दोनदा वाचून जे डोक्यात गेलं नव्हतं ते त्या फोनांमुळे कायमचं बसलं. निवृत्त लोक एफडीचं व्याज सांगायला विसरतात आणि ते एआयएसमध्ये (इन्कम टॅक्सकडची तुमच्या उत्पन्नाची यादी) बरोब्बर दिसतं, मग त्यांना न घाबरवता समजावून सांगायचं, हेही कामच आहे. माझी मैत्रीण वाशीला होती, तिच्या सरांचे क्लायंट एपीएमसीतले व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाले, तिने बँक स्टेटमेंटपासून बॅलन्स शीटपर्यंत एकेका धंद्याचं अख्खं वर्ष स्वतः बांधलं.

अख्खं वर्ष बघायला मिळणं ही छोट्या ऑफिसची खरी कमाई आहे. मोठ्या फर्ममध्ये तुमच्या वाट्याला एक कोपरा येतो, माझ्या वाट्याला सेल्स आणि थोडे डेटर्स (ज्यांच्याकडून पैसे येणं बाकी आहे ते) होते, त्या कंपनीचा टॅक्स कोण बघतं, पगाराचं काय, काही पत्ता नाही.

पण तो कोपरा इतका खोल नेतात की माझी आकड्याकडे बघायची नजरच बदलली. नौपाड्यात बिल दिसलं की एन्ट्री बरोबर. इथे ३० आणि ३१ मार्चची बिलं काढून विचारतात की माल गेटबाहेर कधी पडला, लॉरी रिसीट दाखव, चलन दाखव, ३१ तारखेचं बिल आणि गाडी २ एप्रिलला निघालेली असेल तर अटी बघाव्या लागतात, ती विक्री कदाचित या वर्षाची नाहीच. बँकेचं आणि डेटर्सचं कन्फर्मेशन ऑडिटर स्वतः पाठवतो आणि उत्तरही थेट ऑडिटरकडेच यायला हवं, क्लायंटच्या अकाउंटंटने हातात आणून दिलेला कागद तसा चालत नाही. आणि वर्किंग पेपर. काय बघितलं, किती बघितलं, निष्कर्ष काय, हे असं लिहायचं की त्या ऑडिटशी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरलाही फाइल वाचून सगळं कळलं पाहिजे, एसए २३० या ऑडिटच्या स्टँडर्डमध्ये हेच आहे. माझी एकच शीट सिनियरने कितीतरी वेळा परत पाठवली, आणि आज इंटरचा ऑडिटचा पेपर मला सोपा वाटतो तो त्या शीटमुळे.

जॉइन होण्याआधी स्वतःच्या नावावरचे शेअर्सही लिहून द्यावे लागतात, कारण ज्या कंपनीचं ऑडिट तिच्यात आपले पैसे नकोत. डिमॅट उघडलं असेल तर यादी तयार ठेवा.

माणसं दोन्हीकडे चांगली भेटली. फरक एवढाच की नौपाड्यात सर स्वतः शेजारच्या टेबलावर होते, शंका आली की "सर, हे असं का" विचारलं आणि उत्तर मिळालं, कधी ओरडा पण मिळाला. मोठ्या फर्ममध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात पण पार्टनर मला एकदाच दिसले. तिथे तुमचं शिक्षण तुमच्या सिनियरवर अवलंबून आहे आणि तो निवडता येत नाही.

पैसे: मोठीकडे स्टायपेंड बरा. छोटीकडे कधी थोडा, कधी काहीच नाही, आणि झेरॉक्स, बँकेत फेऱ्या हेही करावं लागतं. फेऱ्यांना हरकत नाही, पण रोज तेवढंच असेल तर आठवड्याभरात स्पष्ट बोला.

प्रवास मात्र हलक्यात घेऊ नका. मोठ्या फर्मची बरीच ऑफिसं दादर, प्रभादेवी, महालक्ष्मीच्या पट्ट्यात आहेत, पण ऑडिट असतं क्लायंटकडे, आज महापे, उद्या अंधेरी. ठाण्याहून महापे म्हणजे ट्रान्स हार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे आणि पुढे रिक्षा, जमतं. वाशी-नेरुळवाल्यांना दादरसाठी कुर्ल्याला बदलायला लागतं. घोडबंदरला राहणाऱ्यांचा तर स्टेशन गाठेपर्यंतच जीव जातो, आणि मेमध्ये रात्री उशिरा निघावं लागतं तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. सोबत सीएचा अभ्यास चालू असेल तर मी सरळ सांगेन, जवळचं ऑफिस घ्या, वाचलेले तास पुस्तकाला लागतील.

नावाचं वजन आहे, नाही म्हणणार नाही. सीव्हीवर मोठी फर्म दिसली की माणूस थांबून वाचतो, एमबीए किंवा फायनान्सच्या नोकरीकडे जायचं असेल तर जास्तच. पण पुढचा प्रश्न "तिथे नक्की काय केलंस" हाच असतो आणि तिथे मला नौपाड्यातलं जास्त बोलता आलं.

मोठ्या फर्मसाठी जानेवारीपासूनच कॉलेजच्या प्लेसमेंट सेलच्या आणि त्यांच्या वेबसाइटच्या मागे लागा. ठाण्या-वाशीतल्या ऑफिसांसाठी ईमेलची वाट बघू नका, फेब्रुवारीत २० तारीख उलटली की सीव्ही घेऊन थेट जा, मार्चमध्ये अ‍ॅडव्हान्स टॅक्स आणि वर्षअखेर असते, कोणाला वेळ नसतो. कॉलेजला ओजेटीसाठी (ऑन द जॉब ट्रेनिंग) लेटरहेडवर सर्टिफिकेट लागत असेल तर ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.