व्हीएलसी फुकट असतं, मला ७६,४८४ रुपयांना पडलं

आधी आकडा सांगून टाकतो. १,४९९ अधिक ४९,९९० अधिक २४,९९५. एकूण ७६,४८४ रुपये. कशापायी, तर पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायचा होता. व्हीएलसी हे व्हिडिओ चालवायचं फुकट सॉफ्टवेअर, मी त्याची खोटी नक्कल उतरवली आणि चोरांच्या हाती सापडलो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पोलिस ठाण्यातले हसून झालेत.

अमळनेर-पारोळा पट्ट्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही, गिऱ्हाइकं वाचतात. लग्न फेब्रुवारीत झालं आणि व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्ह दिला जून उजाडल्यावर. (त्याचं गाऱ्हाणं वेगळं, ते नंतर कधीतरी.) दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला तर हळदीची गाणी ऐकू येतात आणि पडदा काळा ठिक्कर. आता कळतंय की हे लोक फोर-के शूटिंग करून फाइल एचईव्हीसी नावाच्या प्रकारात देतात, म्हणजे एच.२६५. जुन्या एच.२६४ पेक्षा जवळपास निम्म्या जागेत तेच चित्र मावतं, पण प्लेअरकडे तो कोडेक, म्हणजे ती फाइल उलगडून चित्र दाखवणारा भाग, नसला की नुसता आवाज येतो. तेव्हा वाटलं पेनड्राइव्हच खराब दिला. पुतण्याला नाशिकला फोन लावला. तो म्हणाला, "काका, व्हीएलसी टाकी ल्या ना, फुकट शे."

फुकट शे. बरोबरच बोलला होता पोरगा.

मी व्हीएलसी डाउनलोड असं टाइप केलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. कोण नाही करत? बारक्या अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं म्हणे. पानावर तोच नारिंगी शंकू, तीच मांडणी. फाइल उतरली, इन्स्टॉल झाली, व्हिडिओ चालू झाला, चित्रासकट! पोरगी हळदीच्या पाटावर येऊन बसली आणि तेवढ्यात चित्र थांबून वर चौकट आली: एचईव्हीसी कोडेकची मुदत संपली, लाइफटाइम लायसन्स १,४९९ रुपये. खाली क्यूआर कोड आणि 'हेल्पलाइन' नंबर.

आता शहाणे लोक विचारतील की फुकटच्या सॉफ्टवेअरला पैसे भरलेच कसे. अहो, कोडेकला पैसे लागतात ही गोष्ट साफ खोटी नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर एचईव्हीसीचं एक्स्टेंशन विकतच मिळतं, विंडोजचा स्वतःचा प्लेअर ते घ्यायला सांगतो. मला वाटलं प्लेअर फुकट, कोडेक विकत, असंच असेल. चोरांनी खऱ्याला खेटूनच खोटं उभं केलं होतं.

पण कोड स्कॅन केल्यावर फोनवर नाव उमटलं ना, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कंपनीचं नाव नाही, सॉफ्टवेअरचं नाव नाही. एका बाईचं नाव आणि पुढे 'टेलिकॉम'. १,४९९ चा आकडा, खाली हिरवी बरोबरची खूण, आणि ते नाव. माझा अंगठा पिनच्या आकड्यांवर घुटमळला. घुटमळला, हे शपथेवर सांगतो. मी चेकवरच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी चेक परत करणारा माणूस. पण आमच्या धंद्यात नावांचा हाच गोंधळ रोजचा आहे. डीलर एक नाव सांगतो आणि पैसे जातात त्याच्या सुनेच्या खात्यात. उधारी शेतकऱ्याची असते, भरतो त्याचा साडू. त्यामुळे वेगळं नाव दिसलं म्हणून हात मागे घ्यायची सवयच राहिलेली नाही. तुम्ही मात्र घ्या. सॉफ्टवेअरचे पैसे कुणा बाई-बुवाच्या नावावर जात असतील तर तिथंच फोन खिशात टाका.

पैसे गेले, लायसन्सची 'की', म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा कोड, काही आला नाही. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे हिंदी बोलणारा, प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर'. म्हणाला, पेमेंट अडकलंय, रिफंड करून देतो, एक छोटं सपोर्टचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या आणि तेच मोबाइलवरही.

वेळ कुठली होती तेही ऐका. मृगाचा पाऊस पडून गेलेला, दुकानात कपाशीच्या बियाण्याला ही झुंबड. पॉस मशीनवर एका म्हाताऱ्याचा अंगठा उमटत नव्हता, तो धोतराला बोट पुसून पुन्हा पुन्हा लावत होता आणि बाहेर युरियावरून दोघांची हमरीतुमरी चाललेली. एका कानाला फोन धरून मी 'अलाऊ', 'अलाऊ' दाबत गेलो. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, त्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका'. त्या काळ्या पडद्यामागे तो माझ्या उघड्या नेटबँकिंगमध्ये बसला होता. दुकानाच्या चालू खात्यातून ४९,९९० गेले. एवढेच का? तर माझ्या बँकेत नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी ५० हजारांच्या वर पाठवता येत नाहीत, हे चोराला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. मग घरच्या बचत खात्यातून २४,९९५.

आणि ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. पुन्हा लिहितो, सांगितला नाही. मोबाइलचा पडदा त्याला दिसत होता, मेसेज आला की माझ्याआधी तो वाचत होता. ओटीपी सांगू नका, ओटीपी सांगू नका, ही कॉलर ट्यून ऐकून कान किटले होते, पण न सांगताही तो जातो हे त्या ट्यूनमध्ये नव्हतं. रिमोटच्या अ‍ॅपने असे पैसे काढतात हा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना दिला होता. बँकांनी तो बहुतेक फाइलला लावला.

बँकेत तासाभरात पोचलो. साहेब जेवायला गेलेले. आल्यावर म्हणाले, "तुम्हीच परवानगी दिली, आता बँक काय करणार?" खातं गोठवायचा अर्ज लिहून दिला, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्यात बँकेवर टाकलीय, आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. त्याची प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली नाही, वर चहाचा कप ठेवला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, आधी बँकेच्या दारातूनच फोन लावला होता. लागला की 'सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत'. शेवटी लागला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक आला, एवढं खरं. तुम्ही बँकेच्या रांगेत उभे राहू नका, आधी १९३० लावा, लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर भरा. पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत असतात.

पोलिसांत जी शोभा झाली ती वेगळीच. "कोणता पिक्चर बघत होते, शेठ?" असं विचारून ठाण्यातल्या एकाने बाजूच्याकडे बघून डोळा मारला. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ म्हटलं तरी हसू थांबेना. मग म्हणे हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर तिथले म्हणे गुन्हा तालुक्याला नोंदवा. अरे, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी कलम सांगितलं तर, "वकील आहात का?" नाही बाबा, खतं विकतो, पण वाचता येतं. भारतीय न्याय संहितेचं ३१८ (४) आणि आयटी कायद्याचं ६६डी लागतं, हे मला त्यांना सांगावं लागलं. शेवटी साधा अर्ज घेतला. त्यावर 'पाहून कार्यवाही' असं लाल पेनने लिहिलंय, पाहणारा अजून भेटायचाय.

२४,९९५ कुठल्या तरी बँकेत 'होल्ड' झालेत असा मेसेज आला. आनंद झाला. तर ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश मागितला. माझेच पैसे, चोराच्या खात्यात अडकलेले, आणि अर्ज मी करायचा, वकील मी लावायचा.

पुतण्या आला आणि कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला. त्याने सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर! व्हीएलसी म्हणजे पॅरिसच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००१ पासून सगळ्यांना खुलं. त्यात कोडेक आतच असतात, वेगळे मागायचा प्रश्नच नाही. लायसन्सची 'की' नाही, फी नाही, हेल्पलाइन तर नाहीच नाही. साइट एकच, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी, आणि ती शोधायची नाही, वरच्या पट्टीत हाताने टाइप करायची. उतरलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघा, तिथं व्हिडिओलॅनचं नाव हवं. व्हीएलसी नको असेल तर एमपीसी-एचसी आहे, नुसत्या गाण्यांना फूबार२००० आहे, दोन्हीला पैसे पडत नाहीत. 'कोडेक पॅक घ्या' म्हणून स्वतःहून उगवणारी चौकट कुठल्याही प्लेअरवर आली तर सरळ कॉम्प्युटरचं नेट तोडा.

आणि २०२२ मध्ये काय झालं माहितीये? ही खरी साइट आपल्याच देशात कित्येक महिने बंद होती. सरकारने अडवलेली, कारण कुणाला नीट सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये उघडली. मधल्या काळात लोकांना कुठूनही व्हीएलसी उतरवायची सवय लागली, ती सवय बंदी उठवून जात नाही. खरी साइट तेवढी बंद करता आली, आणि नारिंगी शंकू लावून वर पैसे भरून बसलेली खोटी कुणाला दिसत नाही.

बँकेला लेखी तक्रार दिलीय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. मी जाणार आहे.

अजून एक. परवा फोन आला. "सायबर सेल से बोल रहा हूँ, आपका ७६,४८४ मिल गया है, प्रोसेसिंग फीस ३,५०० भरिए." आकडा रुपयापर्यंत बरोबर! मी अहिराणीत दिल्या तेवढ्या शिव्या त्याला कळल्या नसतील, पण फोन त्यानेच ठेवला. तुमचे पैसे गेले असतील तर असा फोन तुम्हालाही येणार. नंबर नवा असेल, माणसं तीच.