चाळिशी लागली, तीपण कॉकपिटात: प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे आठ महिने

वय ४६, एअरबस ए-३२० या प्रवासी विमानावर कॅप्टन. लांबचा नंबर मायनस ०.७५ कित्येक वर्षं आहेच, त्यामुळे चष्मा नवीन नाही, जवळचं दिसेना हे नवीन. तेही दिवसा काही नाही, रात्री नागपूरला लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशोब असलेला कागद) हातात आली की मात्र हात लांब लांब जायचा. अंधारात बाहुली मोठी होते आणि उन्हात जे धकून जातं ते धकत नाही, एवढंच कारण, पण दुपारी तोच कागद आरामात वाचता येतो म्हणून आपण स्वतःला फसवत राहतो. मी वर्षभर फसवलं. डोम लाइट (कॉकपिटच्या छतातला दिवा) फुल करायचो नाहीतर चष्मा कपाळावर ढकलून वाचायचो, मायनसवाल्यांना हे जमतं. पण अ‍ॅप्रोचला, म्हणजे उतरायला रनवेकडे येताना, चष्मा वर ढकलून कसं चालेल? आणि मेडिकलला लांबचं, एन-५ ची बारीक अक्षरं ३० ते ५० सेंमीवर आणि एन-१४ ची जरा मोठी एक मीटरवर, हे सगळं एकाच चष्म्यातून दिसावं लागतं. नुसता वाचायचा फुल काचेचा चष्मा घातला तर रनवेच धूसर, तो पर्याय बादच. उरला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वरून खाली हळूहळू बदलत जाणारा नंबर, फक्त खालच्या भागात दोन्ही कडांना थोडं धूसर दिसतं.

पहिली जोडी साफ वाया गेली आणि निम्मी चूक माझी. फॅशनेबल बुटकी फ्रेम घेतली, दुकानातल्या पोराने उभं करून पेनाने बाहुलीसमोर खूण केली, झालं. अ‍ॅड, म्हणजे वाचायला वाढवलेला नंबर, प्लस १.५०. बुटक्या काचेत वर लांबचं, मध्ये स्क्रीनचं, खाली वाचायचं असं तिन्ही कोंबलेलं, त्यामुळे वाचायचा भाग फार वर आलेला. दुकानात मस्त वाटलं, मोबाइल वाचला, पैसे दिले. नशीब की पहिली परीक्षा सिममध्ये (जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये) झाली, प्रवासी घेऊन नाही. (सिमचं बाहेरचं चित्र खास आरसा वापरून लांबवर असल्यासारखं दाखवतात, त्यामुळे डोळ्याला काम तेच पडतं जे खऱ्या रनवेला पडतं.) फ्लेअरला, म्हणजे टेकायच्या आधी विमानाचं नाक वर ओढताना, नजर रनवेच्या पार टोकाला हवी, माझी जरा खाली घसरली की वाचायच्या भागात जायची, जमीन एकदम अंगावर आल्यासारखी वाटायची आणि मी ३० फुटांच्या आधीच नाक ओढायचो. मग विमान तरंगत बसायचं. दोनदा झालं, इन्स्ट्रक्टरने नुसतं बघितलं माझ्याकडे.

सेशन संपल्यावर मोजपट्टी घेऊन सीटवर बसलो. आधी मधल्या खांबावरच्या त्या लाल-पांढऱ्या गोळ्या जुळवून सीट लावली, कारण डोळा तिथे असणार हेच महत्त्वाचं. समोरचा स्क्रीन साधारण ७५-८० सेंमी, आयपॅड ६०, डोक्यावरचं पॅनल ५०-५५. हा कागद घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो, तिथल्या म्हाताऱ्या काकांनी चहा सांगितला आणि तासभर बसवून घेतलं. म्हणाले, "साहेब, बाजूचा धूसरपणा काढता येत नाही, फक्त सरकवता येतो. कुठे सरकवू ते सांगा." एवढं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. उंच काचेची फ्रेम, सेंटर (बाहुलीसमोर काचेवर करतात ती खूण) दोन मिलिमीटर खाली, आणि मधला भाग जरा रुंद असलेलं डिझाइन, बदल्यात वाचायचा भाग थोडा चिंचोळा. चालेल की, मला पेपर कुठे वाचायचाय तिथे.

चष्मा मुद्दाम रजेत हातात घेतला, बारा दिवस विमानाजवळ फिरकलो नाही. पहिले तीन दिवस मळमळ, जिन्याची पायरी हलायची, बाजूने येणारी स्कूटर वाकडी दिसायची. बायको म्हणाली कोंबड्यासारखी मान काय करतोस सारखी. पण तेच तर शिकायचं असतं, डोळे नाही फिरवायचे, नाक फिरवायचं.

आणि इथेच कॉकपिट त्रास देतं. डावीकडे बसलो की एमसीडीयू (विमानाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि छोटा स्क्रीन) उजव्या गुडघ्याजवळ, म्हणजे खाली आणि बाजूला, नुसते डोळे वळवले तर नेमका धूसर कोपरा. महिनाभर आकडे टाकताना ८ चा ३ वाटायचा, मान वळवायची सवय लागली तेव्हा थांबलं. ओव्हरहेड पॅनलचं दुखणं मात्र कायमचं आहे. चष्मा बनवणाऱ्यांनी धरून ठेवलंय की माणूस जवळचं खालीच बघतो, आमचं जवळचं डोक्यावर! एरवी सगळं ठीक असेल तर वर दिवा पेटत नाही म्हणून बरंय, पण सकाळी उड्डाणाआधीच्या प्रिपरेशनला अक्षरं वाचावीच लागतात, तेव्हा मान मागे टाकायची किंवा बोटाने फ्रेम थोडी वर उचलायची. मी उचलतो. वरही वाचायचा तुकडा असलेल्या काचा मिळतात, घालून बघितल्या, पण वळताना वरच्या बाजूचं ट्रॅफिक (इतर विमानं) शोधायला नको वाटल्या.

गॉगलपण त्याच नंबरचा प्रोग्रेसिव्ह केला, ग्रे, पोलराइज्ड अजिबात नाही, स्क्रीन काळे पडतात आणि विंडशील्डवर इंद्रधनुष्य दिसतं. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचांचे पैसेही वाचवा, विंडशील्ड यूव्ही अडवते म्हणून आत त्या हव्या तेवढ्या गडद होतच नाहीत, संध्याकाळी मुंबईला पश्चिमेकडे जाणाऱ्या २७ नंबरच्या रनवेवर उतरताना सूर्य समोर असतो तेव्हा कळेल. काड्या सरळ आणि पातळ घ्या, हेडसेटखाली दोन तासांनी कान बोलायला लागतात. ऑक्सिजन मास्क चष्म्यावरून ओढून बघा, दुकानात नाही, सीटवर.

आता आठ महिन्यांनी लँडिंगला चष्मा आहे हेच विसरतो. दिवसातल्या चौथ्या सेक्टरला (उड्डाणाला), रात्री, टर्ब्युलन्समध्ये अजून स्क्रीन जरा पोहतो. विमानाच्या शिडीवरून उतरताना हनुवटी छातीला लावून उतरतो, कारण पायरी वाचायच्या भागात येते, पावसात तर कठडा सोडत नाही. स्पेअर जवळ ठेवावाच लागतो आणि तोही याच मापाचा हवा, त्यामुळे खर्च डबल धरा, माझे गॉगल सोडून ३८ हजार गेले. पहिली बुटकी जोडी टाकून नाही दिली, जेवताना ताटातले माशाचे काटे आणि समोरचा टीव्ही दोन्ही तिच्यातून झकास दिसतं.