कंपन्यांना वृक्षारोपण करून देणारी सर्व्हिस: पाचात अडीच स्टार

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे मी. कंपनीचं नाव सांगत नाही आणि ज्या एजन्सीनं कार्यक्रम करून दिला तिचंही नको, बेळगाव ते केवढं, लगेच कळतंय कोण ते. पण मे महिना लागला की सगळ्या एचआरवाल्यांच्या मेलवर असली कोटेशनं येऊन पडतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पॅकेज असं असतं की झाडामागे रेट ठरतो, त्यात बस, खड्डे, रोपं, टी-शर्ट, टोपी, जेवण, ड्रोनचे फोटो आणि प्रत्येकाला सर्टिफिकेट. आमची कंपनी तशी लहान, मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालायचे ते सीएसआरचं, कंपनी कायद्याचं कलम 135 आम्हाला लागूच होत नाही. मग हे कशाला? तर आमचं कास्टिंग घेणारी जी मोठी कंपनी आहे तिचा ऑडिटचा फॉर्म येतो, आणि त्यात आता एक रकाना असतो, कर्मचाऱ्यांनी समाजकार्याला किती तास दिले. शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानं पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीनं 2022-23 पासून बीआरएसआर रिपोर्ट, म्हणजे पर्यावरण आणि समाजासाठी काय करता त्याचा अहवाल, सक्तीचा केला, तेव्हापासून ते त्यांच्या सप्लायरला विचारायलेत आणि सप्लायर आम्हाला सुट्टीच्या दिवशी बसमध्ये घालायलेत. स्वयंसेवा म्हणायचं आणि बसच्या दारात हजेरी घ्यायची, हे काही पटलं नाही बघा.

तारीख 5 जून. पर्यावरण दिन आहे, फोटोला बरा, पण रोहिणी नक्षत्र चालू, मिरग लागायला अजून दोन-तीन दिवस, आणि मिरग लागला म्हणून पाऊस लागेलच असं कोण सांगितलंय? आमच्याकडे पोराला विचारलं तरी सांगेल की रोप लावायचं तर आर्द्रा लागू दे, दोन-चार चांगल्या सरी होऊ देत. एजन्सीच्या पोराला हे बोललो तर म्हणतो सर, क्लायंटला पाच तारीखच पाहिजे असते. बरोबर आहे त्याचंही.

पिरनवाडी, किणये करत कुसमळीला मलप्रभेचा पूल ओलांडला आणि जांबोटीच्या बाजूला एका गावाच्या गायरानात उतरलो. ब्रोशरमध्ये छापलंय मलप्रभेच्या उगमाजवळ! उगम कणकुंबीला, माऊलीच्या देवळापाशी, आम्ही होतो त्याच्या कितीतरी अलीकडे. असो, जागा मात्र मस्त, तांबडी माती, खाली जांभा, आणि तिथंच पहिली गडबड. खड्डे आधीच मारून ठेवलेले पण वीतभर खोल. दीड फूट तरी लागतो की. जांभ्याला पहार लागली की हात झिणझिणतात, त्यामुळे मारणाऱ्यानं वरवर खरवडून सोडलेलं, आणि रेट झाडामागे ठरलाय, खोलीमागे नाही.

मग रोपं वाटली. कुणी काही सांगेना, भाषण झालं ते हिंदी-इंग्लिशमध्ये, मागच्या रांगेतल्या मोल्डिंगवाल्यांना, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे भरणाऱ्यांना, त्यातलं काय कळलं देव जाणे. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी काळी प्लास्टिकची पिशवी तशीच ठेवून रोप खड्ड्यात घातलं, वर माती, फोटो, पुढचं रोप. गावातली एक आजी बांधावर बसून बघत होती, ती आमच्या अकाउंट्सच्या पोराला म्हणाली, "आरं बाळा, पिशवीसकट गाडलास की रे, मुळं कुठनं बाहेर येणार?" पोरगं लाजून लाल. नंतर त्यानंच सगळ्यांच्या पिशव्या ब्लेडनं फाडून दिल्या, तेवढं कौतुक करायला पाहिजे.

पण त्या दिवसाचा खरा हिरो आमच्या मोल्डिंगमधले एक मामा. पंचवीस-तीस वर्षं साचे भरलेला माणूस. ते आपला खड्डा आधी पहारीनं खाली नेले, मोठे खडे निवडून बाजूला टाकले, रोप सरळ धरून माती सोडली आणि मी बुटानं दाबायला लागलो तर माझा पाय धरले. "साहेब, एवढं ठोकू नका, साचा जास्त ठोकला की हवा जात नाही, ब्लोहोल धरतंय, झाडालाबी तसंच असणार की." ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या धातूत राहणारी हवेची पोकळी. आता हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगतात सांगा. त्यांच्या मागनं मग आम्ही आठ-दहाजण तसंच करत गेलो.

रोपांबद्दल. अर्धी अकेशिया, थोडे गुलमोहर, बाकी जांभूळ आणि फणस. आजीचं म्हणणं, अकेशियाच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत, मग गायरानात ते लावून काय उपयोग? एजन्सीवाल्यानं मात्र खासगीत सांगितलं की तेच जगतंय, गुरं खात नाहीत म्हणूनच, आणि वर्षानं मोजणी झाली तर आकडा चांगला दिसतो. म्हणजे गावाला नको ते रिपोर्टला पाहिजे.

जेवण एक नंबर. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि शेवटी कुंदा. त्याला पाचात पाच. डबे मात्र थर्माकोलचे, पर्यावरण दिनाला! सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, फाइलला लावून ठेवलंय.

मार्चमध्ये चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला बाईकवरनं जाताना मुद्दाम आत वळलो. आमच्या रांगेत 40 रोपं होती, मोजली तर 13 जिवंत, त्यात अकेशिया नऊ, जांभळं चार, फणस एकही नाही. चारपैकी तीन जांभळं मामांच्या हातची. त्यांच्याभोवती कुणीतरी करवंदीचे काटे लावलेले, विचारलं तर त्या आजीनंच. पॅकेजमध्ये ना कुंपण, ना उन्हाळ्यातलं पाणी.

अजून एक, याचा एजन्सीशी संबंध नाही पण मनात आहे म्हणून लिहितो. झाडं लावायला आम्ही जांबोटीपर्यंत डिझेल जाळत गेलो आणि कंपनीच्या मागच्या भिंतीला साच्यांत वापरून झालेल्या काळ्या वाळूचा ढीग तसाच, पावसात त्याचं पाणी गटारात जातंय. स्वयंसेवेचे तास तिथं दिले असते तर बसही लागली नसती. एचआरच्या मॅडमना म्हटलं, त्या म्हणाल्या त्याचा फोटो कसा टाकायचा?

अडीच स्टारमधला एक जेवणाला, एक वेळेवर नेऊन आणल्याबद्दल, अर्धा त्या एजन्सीच्या पोराला, खरं बोलला म्हणून. यंदा त्यांचंच कोटेशन परत आलंय. मी मॅडमना लिहून दिलंय की झाडं निम्मी करा, तारीख जूनच्या शेवटी घ्या, आणि मार्च ते मे आठवड्याला एक पाण्याचा टँकर, तो गावातल्याच कुणाला तरी पैसे देऊन. आजी तयार आहे, तिनं नातवाचा ट्रॅक्टर आहे म्हणून सांगितलंय. एजन्सी म्हणते टँकर पॅकेजमध्ये बसत नाही, वेगळा रेट लागेल. किती ते अजून कळवलेलं नाही.