थंड इंजिनावर चटकन सुरू होणारा मोअर

एप्रिल आला की इथे पेनसिल्व्हेनियात मोठ्या आवाराची घरं घेतलेली आपली मंडळी जुना रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, शोधायला लागतात. नवा परवडत नाही आणि गवत वाढलं की टाउनशिपची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, नोटीस येते. ही घाई विकणाऱ्यांना बरोबर ठाऊक असते.

"इंजिन थंड असतानाच बघायला जा, आधीच तापवून ठेवलं तर सुरू होण्यातला दोष लपतो," असं सगळे सांगतात. आम्हाला 850 डॉलरना गंडवणाऱ्याला हा सल्लाही पाठ होता. "हात लावून बघा, सकाळपासून चालू केलेला नाही," असं तो आपणहून म्हणाला. किल्ली फिरवताच मोअर सुरू झाला. सपाट ड्राइव्हवेवर त्याने तो पुढे-मागे पळवून दाखवला, "एकही प्रॉब्लेम नाही" हे मेसेजवरही लिहिलं, रोख पैसे घेतले आणि पावतीवर "ॲज इज" (आहे तसा, नंतर तक्रार नाही) लिहून सही घेतली.

घरी अर्धा तास गवत कापल्यावर चढावर मोअरचा जीव गेला. इंजिन गरगरतंय, पण चाकं ओढत नाहीत. थोड्या वेळाने इंजिनही बंद पडलं. तासाभराने पुन्हा सगळं ठणठणीत! फोन केला तर "बेल्ट ढिला असेल, वीस डॉलरचं काम आहे" म्हणाला, आणि मग नंबर ब्लॉक.

हे दोन्ही दोष गरम झाल्यावरच दिसणारे. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. आतला पंप झिजला असेल तर तेल गरम होऊन पातळ झालं की आतल्या आत गळतं, दाब पडतो, आणि चढ आला की गाडी हरते. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलचंही तसंच. आतली तार कुठे तुटत आली असेल तर तापल्यावर ठिणगी जाते, गार झाल्यावर परत येते.

पण लगेच ट्रान्समिशन गेलं असं समजू नका. मागची बायपासची दांडी पूर्ण आत आहे का ते पाहा. मोअर हाताने ढकलण्यासाठी ती ओढतात आणि तशीच विसरतात. मग बेल्ट गुळगुळीत झालाय का ते. ट्रान्समिशनवरच्या प्लास्टिकच्या पंख्याची पाती शाबूत हवीत. आमच्या पंख्याची निम्मी तुटलेली होती. इंजिन बंद पडलं तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा, कारण त्याचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं. तरीही सुरू होत नसेल तर त्याच क्षणी ठिणगी पडते का ते दाखवणारा स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी नसेल तर कॉइलकडे जाणारी किल वायर (इंजिन बंद करणारी तार) तपासणीपुरती काढा. मग ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये, नाहीच आली तर कॉइल गेली.

वायरिंग तपासायला सीट उचलली तेव्हा जे दिसलं त्याचा संताप अजून जात नाही. सीटखालच्या स्विचच्या प्लगमध्ये तारेचा तुकडा खुपसून वर कोरी करकरीत काळी टेप गुंडाळलेली होती. चालवणारा सीटवरून पडला तर इंजिन आणि पाती थांबवणारा हा स्विच. इंजिन का बंद पडतं हे शोधताना कुणीतरी तो बायपास केला आणि तसाच आमच्या हवाली केला, आमची दोन लहान मुलं शेजारी उभी असताना.

शेवटी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मोअर पाहताक्षणी ओळखला. ट्रान्समिशन संपलंय, नव्याचा खर्च मोअरच्या किमतीवर जाईल, हे त्यानेच गेल्या हिवाळ्याआधी या विकणाऱ्याला सांगितलं होतं. म्हणजे विकणाऱ्याला सगळं माहीत होतं!

"ॲज इज" लिहिलं तरी जाणूनबुजून खोटं बोलायची मुभा मिळत नाही. इथल्या मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, 12,000 डॉलरपर्यंतचे दावे चालतात. मेसेज आणि त्या टेपचे फोटो आम्ही जपून ठेवलेत, दुरुस्तीवाला लेखी द्यायला तयार आहे. दावा या आठवड्यात दाखल करतोय.