बॉडलियनचं वाचक-कार्ड: विद्यापीठाबाहेरच्या माणसाने काढावं का?

ऑक्सफर्ड विद्यापीठाशी माझा काडीचाही संबंध नाही. मी तिथे शिकत नाही, शिकवत नाही, नोकरीही दुसरीकडे. राहते इंग्लंडातल्या स्विंडनला, माहेर कर्जतचं. कर्जतला वाढलेल्या माणसाला बोरघाटाचं वेड लागलं नाही तरच नवल. घाटातल्या रेल्वेच्या बांधकामाचे जुने अहवाल आणि अभियंत्यांचे निबंध वाचायचे म्हणून मी या विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाचं बाहेरच्या वाचकांसाठी असलेलं कार्ड काढलं. बरेच महिने वापरून झाल्यावर हे लिहितेय, कारण इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो: आपल्याला आत सोडतात का?

सोडतात, पण दोन वेगळ्या दारांनी. फक्त बघायचं असेल तर कार्डाच्या भानगडीत पडू नका. ब्रॉड स्ट्रीटवरच्या, बॉडलियनच्याच वेस्टन लायब्ररीचा तळमजला सगळ्यांना मोफत खुला आहे; प्रदर्शन, कॅफे, दुकान सगळं तिथेच. समोरच्या जुन्या इमारतीतली पंधराव्या शतकातली, धर्मशास्त्र शिकवण्यासाठी बांधलेली डिव्हिनिटी स्कूल थोडं शुल्क भरून बघता येते. ड्यूक हम्फ्रीचं जुनं ग्रंथदालन बघायचं तर मार्गदर्शकाबरोबरची सशुल्क फेरी घ्यावी लागते आणि ती आधी बुक केलेली बरी. जिच्यासमोर सगळे फोटो काढतात ती रॅडक्लिफ कॅमेरा नावाची घुमटाची इमारत म्हणजे चालू वाचनकक्ष आहे. दारावर कार्ड मागतात, ते नसेल आणि मार्गदर्शकाच्या फेरीबरोबरही नसाल तर तुम्ही पुण्याहून आलात की पेरूहून, उत्तर एकच.

वाचायला जायचं असेल तर अर्ज. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि तुम्हाला इथलंच पुस्तक का हवंय याचं पटेल असं कारण. ‘वाचनाची आवड आहे’ हे कारण नव्हे. कोणती पुस्तकं हवीत, ती जवळच्या ग्रंथालयात का मिळत नाहीत, हे नीट लिहा. त्यांची ‘सोलो’ नावाची सूची घरबसल्या कुणालाही उघडता येते. त्यातून पुस्तकांची नावं काढून ठेवली की अर्जाला वजन येतं. शुल्क आपण कोणत्या गटात बसतो त्यावर ठरतं, तेव्हा अर्जाच्या वेळीच बघून घ्या. डिग्री विचारतील म्हणून मी जरा दबकून गेले होते. विचारली नाही.

मग ती प्रसिद्ध शपथ. बाहेरच्या वाचकाला ती अजूनही तोंडी, मोठ्याने म्हणावी लागते. ग्रंथालयातलं पुस्तक किंवा कागद बाहेर नेणार नाही, त्यावर खुणा करणार नाही, त्याला इजा करणार नाही, आत आग किंवा ज्योत आणणार नाही, पेटवणार नाही, धूम्रपान करणार नाही, नियम पाळीन. ऐकताना गंमत वाटते, पण ‘आग पेटवणार नाही’ यामागे मोठा इतिहास आहे. हे ग्रंथालय १६०२ साली उघडलं आणि पुस्तकांच्या काळजीपोटी इथे १८४५ पर्यंत ऊब देणारी कसलीही सोय नव्हती. कृत्रिम उजेड तर १९२९ साली आला. तीनशेहून जास्त वर्षं वाचणाऱ्यांनी सूर्य असेल तोवर वाचलं, त्यातली जवळजवळ अडीचशे थंडीत कुडकुडत. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला अंधारून येतं, हे लक्षात घेतलं की त्या ओळीचं हसू येत नाही.

दुसरी अट मला आधी जाचक वाटली होती: पुस्तक घरी मिळत नाही. कुणालाच नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने पुस्तक मागवलं तेव्हा ग्रंथपालाने नियमावर बोट ठेवून नकार दिला होता, मग माझी काय कथा! सवय झाल्यावर मात्र याचा फायदाच दिसला. हवं ते पुस्तक ‘कुणीतरी नेलंय’ असं होत नाही. मागवलेलं पुस्तक तुमच्या नावाने काही दिवस वाचनकक्षात राखून ठेवतात. संध्याकाळी परत द्यायचं, पुढच्या खेपेला तिथूनच पुढे सुरू.

आता माझ्यापुरता खास विनोद. १६१० पासून इंग्लंडात छापलेल्या पुस्तकांची प्रत इथे येत आलीय. एवढी पुस्तकं ऑक्सफर्डात मावणार कुठे? म्हणून २०१० साली त्यांनी मोठं पुस्तक-कोठार बांधलं. स्विंडनजवळ! फळ्यांची एकूण लांबी दीडशे मैलांच्या वर. तिथे पुस्तकं विषयवार नाही, आकारानुसार लावतात. कवितेशेजारी पशुवैद्यक असलं तरी बिघडत नाही, बारकोडवरून सापडल्याशी मतलब. वाचकांना मात्र तिथे प्रवेश नाही. त्यामुळे मी ऑनलाइन मागणी नोंदवते, पुस्तक व्हॅनमधून ऑक्सफर्डला जातं आणि मी फॅरिंगडनमार्गे एस-६ बस पकडून त्याच्या मागोमाग. आम्ही दोघं एकाच गावचे, भेटायला मात्र परगावी जातो. जायच्या आधी निदान एक दिवस मागणी टाका आणि पुस्तक पोचल्याचा ईमेल आल्याशिवाय बसमध्ये बसू नका.

सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वेस्टनमधला जुन्या आणि दुर्मिळ ग्रंथांचा वाचनकक्ष. बॅग आणि कोट लॉकरमध्ये. पेन नाही, फक्त शिसपेन्सिल. पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. बोरघाटावरचा एक अहवाल मागवला होता, त्यात घडीचे नकाशे. काउंटरवरच्या बाईंनी आधी फोमचे उतरते ठोकळे मांडले, पुस्तक त्यावर असं ठेवलं की पाठ ताणली जाऊ नये आणि कापडात शिवलेली वजनांची माळ पानावर अलगद सोडली. नकाशाची घडी कोणत्या क्रमाने उलगडायची तेही दाखवलं: आधी उजवी बाजू, मग खालची. कागद घडीच्या रेषेवर तपकिरी झालेला, आणि त्यावर खोपोलीच्या बाजूच्या कड्याची रेघ इतकी बारीक की भिंग मागावं लागलं. तेही लगेच मिळालं. पांढरे हातमोजे घालायचे का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, नको, स्वच्छ कोरडे हात पुरे. मोज्यांमुळे बोटांना कागद कळत नाही आणि फाटण्याचीच भीती जास्त. मोजे लागतात ते जुने छापील फोटो हाताळताना. सिनेमावाल्यांनी आपल्याला उगाच भलतं शिकवलंय.

फोटो काढता येतात. फ्लॅश नको, कॉपीराइट सांभाळायचा आणि या कक्षात आधी विचारायचं. या रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा १८६० चा घाटांवरचा निबंध, बोरघाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुरं कसं करवून घेतलं याचे उल्लेख, हे सगळं माझ्याकडे टिपणांत आणि फोटोंत जमत चाललंय.

यात एक तुलना टळत नाही. आपल्याकडच्या एका मोठ्या ग्रंथालयात (नाव नको) मला एका पत्रासाठी दुसरं पत्र आणि त्यावर सहीसाठी साहेब जेवून येण्याची वाट बघायला लावली होती. तिथे सगळा संशय माणसावर, पुस्तक मात्र धुळीत. इथे कडकपणा आहे तो पुस्तकासाठी. माणसाशी सगळे साधेपणाने वागतात. अर्थात हे इथेही आपसूक आलेलं नाही. नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आल्या. इथल्याच ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात वाचायची परवानगी १८९० मध्ये मिळालेली पहिली स्त्री त्याच. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. हातात पदवी पडायला १९२२ उजाडलं.

कुठे अडतं तेही सांगते. २०१३ पासून बरीच नवी ब्रिटिश पुस्तकं कायद्याने डिजिटल रूपात जमा होतात. ती फक्त ग्रंथालयातल्या संगणकावर, एका वेळी एकाच वाचकाला उघडतात आणि मजकूर कॉपी करता येत नाही. ताजं पुस्तक हवं असेल तर विकत घेणं सोपं. मे-जूनमध्ये परीक्षांमुळे रॅडक्लिफ कॅमेरात बसायला जागा शोधावी लागते, तेव्हा जुन्या इमारतीतले वरचे कक्ष बघा. सुट्टीच्या काळात वेळा कमी होतात. आणि नुसती जुनी गॅझेटिअरं हवी असतील तर ती इंटरनेटवर फुकट आहेत, त्यासाठी बसचं भाडं घालवू नका.

डबा नेत असाल तर तो वाचनकक्षात उघडता येणार नाही. मी बाहेर पायऱ्यांवर खाते. पाऊस असला तर कॅफेत कॉफी घ्यावीच लागते आणि ती महाग आहे.